पत्र्यातलं भोक

त्याला सगळे दणका म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते त्याच्या बायकोला आणि विजेच्या बिलालाच ठाऊक. गाड्यांना स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवून द्यायचा त्याचा धंदा, आणि माझा गाड्या रंगवायचा. दोघांच्या गाळ्यांच्या मधे एक पत्र्याची भिंत. मी एखादं बॉनेट रंगवून वाळत ठेवावं आणि त्याने पलीकडे नवा सबवूफर लावून बघावा, की छपरावरची धूळ थेट माझ्या ओल्या रंगावर. त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. मी पाना घेऊन त्याच्या दारात गेलो, तर हा ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालून पडलेला. बाहेर फक्त पाय. पायांशी काय भांडणार? तो बाहेर निघेपर्यंत माझा राग निवला होता. त्याने मला रंग्या म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून.

सबवूफर कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो. गाडी वळणावर दिसायच्या आधी तिचा दणका पोचतो, घरातल्या फडताळातली भांडी कुजबुजायला लागतात. तरण्या पोरांना तेच हवं असतं. पण दणका स्वतः मात्र आवाजाचा माणूस नव्हता. हळू बोलायचा. बोलताना उजवा कान पुढे करायचा, कारण डाव्या कानात वर्षानुवर्षं शिट्टी वाजत होती. "कुकर लावून ठेवलाय," असं म्हणायचा. त्याला आवडायची ती तारांची मांडणी. पुढच्या बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत बोटाएवढी जाड लाल तार न्यायची, पायाखालच्या गालिच्याखालून, दरवाजाच्या कडेने. गाण्याची तार दुसऱ्या बाजूने, म्हणजे इंजिनाची घरघर गाण्यात मिसळत नाही. काळी तार गाडीच्या अंगाला, रंग खरवडून, नटबोल्टने घट्ट. काम झाल्यावर गालिचा परत अंथरला की गाडीला कुणी हात लावलाय असं वाटू नये. त्याच्या बोटांची पेरं डॅशबोर्डमागे जाऊन जाऊन सोलवटलेली असत. वहिनी म्हणायच्या, "यांचा हात धरायचा म्हणजे किसणी धरल्यासारखं."

वहिनीही त्याच गाळ्यात काम करायच्या. सबवूफरच्या लाकडी पेट्यांना काळं जाड कापड चिकटवायचं काम त्यांचं. सरसाच्या वासाने माझं डोकं उठायचं, त्यांना काही नाही. मूलबाळ नव्हतं. दणक्याच्या धाकट्या भावाच्या दोन मुली होत्या, त्या शाळा सुटली की इथेच. रिकाम्या पेटीत बसून त्यांचं घर-घर खेळणं चालायचं. त्या आल्या की दणका काम थांबवायचा नाही, पण गाणं बदलायचा.

पुढची गोष्ट कळायला एकच खुबी सांगायला हवी. ती लाल तार इंजिनाच्या खोक्यातून आत केबिनमधे येते, तेव्हा मधल्या पत्र्यातल्या भोकातून येते. पत्र्याची कड सुरीसारखी असते. म्हणून भोकात रबराची वाटी बसवायची, म्हणजे तार घासत नाही. आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, फ्यूज लावायचा. उद्या कधी तार सोलली, पत्र्याला चिकटली, तर फ्यूज उडेल आणि गाणं बंद पडेल, एवढंच. दोन्ही नसेल तर ती तार शेगडीच्या तारेसारखी लाल होते. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकातून कळलेली नाही. दणक्यानेच सांगितली होती, एकदा जेवताना, भाकरीला बोटाने भोक पाडून.

त्या टॅक्सीवाल्याची गाडी त्यानेच केली होती. टॅक्सीवाला म्हणजे मोठा गमत्या माणूस. लांबच्या भाड्याला झोप येते म्हणून त्याला दणदणीत आवाज हवा होता. "दणकाशेठ," तो म्हणाला होता, "असा आवाज पाहिजे, की मागचं गिऱ्हाईक घासाघीस करायलाच विसरलं पाहिजे." आम्ही तिघंही हसलो होतो. मी त्या गाडीच्या मागच्या दाराचा ओरखडा काढून दिला होता, म्हणून मला तो दिवस आठवतो.

टॅक्सीवाल्याला एक थोरली बहीण होती. आईबाप लहानपणी गेलेले. तिनेच लॉन्ड्रीत कपडे धुऊन याला वाढवला, लग्न केलं नाही. तो तिला ताई म्हणे, आणि आम्ही कधी न भेटताही तिला ताईच म्हणायचो, कारण त्याच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ती असायची. पुढे काही महिन्यांनी ती जिन्यावरून पडली, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. त्या दिवशी तो तिला इस्पितळात दाखवून घरी आणत होता. मागच्या सीटवर ती आडवी, पाय लांब करून. औषधाच्या दुकानासमोर त्याने गाडी उभी केली. उकाडा होता, ताईला गार वारा लागावा म्हणून इंजिन चालू ठेवलं, गाणंही चालू ठेवलं, आणि भर रस्त्यात चालू गाडी उघडी कशी सोडायची म्हणून दुसऱ्या किल्लीने दारं बाहेरून बंद केली. मागच्या दारांना लहान मुलांसाठी असतं ते कुलूप होतंच, म्हणजे ती आतून उघडत नव्हती.

दुकानात गर्दी होती. तो रांगेत असतानाच कुणीतरी ओरडलं. बाहेर आला तर डॅशबोर्डखालून धूर, आणि धुराच्या आत ज्वाळा. ताई काचेवर हात आपटत होती. त्याने किल्ली दारात घातली. ती फिरवताना हातातून निसटून गाडीखाली गेली. मग लोकांनी दगडाने काच फोडली. त्याने दोन्ही हात आत घालून तिला ओढलं, पण प्लास्टरचा पाय सीटच्या मधे अडकला होता. पाय सुटला तेव्हा फार उशीर झाला होता. इस्पितळात पोचायच्या आधीच ती गेली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

ही बातमी आमच्या गल्लीत कशी आली ते सांगता येत नाही. कुणी एकाने सांगितली नाही, ती वासासारखी आली. दणका तेव्हा एका गाडीच्या डिकीत वाकला होता. ऐकलं, उभा राहिला आणि म्हणाला, "कुठली टॅक्सी?" त्याला कळलं होतं कुठली. तरी त्याने पुन्हा विचारलं, "कुठली?"

पोलिसांनी त्याला चौकीत बोलावलं. मी बरोबर गेलो. साहेब वाईट नव्हता, कंटाळलेला होता. त्याच्यासोबत विम्याचा एक तपासनीस बसला होता. तो म्हणाला, "पुढचा भाग पूर्ण जळालाय. शॉर्ट सर्किट, एवढंच सांगता येतं. फ्यूज असता तरी वितळला असता आणि नसता तरी आम्हाला आत्ता जे दिसतंय तेच दिसलं असतं."

साहेबाने दणक्याला विचारलं, "तू फ्यूज लावला होतास? भोकाला रबर?"

"मी नेहमी लावतो साहेब."

साहेबाने मान हलवली, लिहून घेतलं, सही घेतली. टॅक्सी जुनी होती, कंपनीच्या मूळ वायरिंगमधेही बिघाड असू शकतो, असं तपासनीस म्हणाला. काही दिवसांत कागद बंद झाला. अपघात.

चौकीतून निघालो तेव्हा मला हायसं वाटत होतं. दणका स्कूटरवर मागे बसला. मग सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या कानाशी म्हणाला, "रंग्या, त्याने विचारलं, लावला होतास का. मी म्हटलं, नेहमी लावतो. हे एकच उत्तर झालं का रे?"

"एकच झालं. उगाच फाटे फोडू नकोस."

"एकच नाही झालं," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने टॅक्सीचं काम केलं तो दिवस आठवायला घेतला. सकाळी गाळ्यावर आलो की हा दारात उभा. "रंग्या, त्या दिवशी वीज गेली होती ना मधेच?" गेली होती. "मग मी मधेच थांबलो असेन. मग चहा प्यायलो. टॅक्सीवाल्याने ती गंमत केली ती चहाच्या आधी का नंतर?" मला कसं आठवणार? त्याला गंमत शब्दन्शब्द आठवत होती. मी रंगासाठी दाराला लावलेला कागद आठवत होता, वहिनींनी कुठला चहाचा कप फोडला ते आठवत होतं. रबर बसवल्याचं आठवत नव्हतं. हात जे काम रोज करतात त्याची आठवण डोकं ठेवत नाही. मी शंभर बॉनेटं घासली असतील, त्यातलं एकही मला आठवत नाही. मी त्याला तसं म्हटलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणूनच बघायला पाहिजे."

"काय बघणार? गाडी तर भंगारात गेली."

"बाकीच्या आहेत."

आणि मग तो त्याने केलेल्या गाड्या शोधायला लागला. त्याने कुणाची नावं लिहून ठेवली नव्हती. पण गाड्या त्याला चेहऱ्यासारख्या लक्षात होत्या. माझ्या स्कूटरवर मागे बसायचा आणि म्हणायचा, "ती पांढरी, जिचं डावं हँडल तुटलं होतं, ती मंगल कार्यालयवाल्याची." आम्ही कार्यालयात जायचो. दणका बॉनेट उघडायचा, टॉर्च धरायचा, पत्र्यातल्या भोकात बोट घालायचा. रबर असायचं. फ्यूज असायचा. अगदी नीट, तारेला वळण देऊन, पट्टीने बांधलेला. मी म्हणायचो, "बघ." तो बॉनेट लावायचा आणि म्हणायचा, "ही झाली."

कार्यालयवाला भला माणूस, त्याने चहा दिला. व्यायामशाळेत जाणाऱ्या एका पोराने मात्र बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "का? माझी पण पेटणार आहे का?" एका निवृत्त मास्तरांच्या घरी त्यांच्या सुनेने दार अर्धंच उघडलं. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः गाडी घेऊन गाळ्यावर आले आणि म्हणाले, सगळं काढून टाका, आम्हाला गाणं नको.

वहिनींना हे पसंत नव्हतं. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण त्या दिवशी कात्री आपटली. "अहो, दुनियेत कुणी विचारलं नाही तुम्हाला. पोलिसांनी सोडलं. आता तुम्ही दारोदार जाऊन काय सांगताय? लोक म्हणणार, याच्या मनात काहीतरी आहे म्हणूनच हा फिरतोय."

"आहेच मनात," तो म्हणाला.

वहिनींचं म्हणणं खरं ठरायला वेळ लागला नाही. त्याच्याकडे गाड्या यायच्या थांबल्या. दोन चौक सोडून एक नवं दुकान होतं, काचेचं, तिकडे पोरं जायला लागली. दणक्याच्या गाळ्यात आता वारा वाजायचा. माझ्या ओल्या रंगावर धूळ पडायची बंद झाली. सांगायला विचित्र वाटतं, पण मला ती धूळ आठवायची.

एका सुटीच्या दुपारी आम्ही त्याच्या धाकट्या भावाकडे गेलो. भावाची गाडी दणक्याने भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून सजवून दिली होती. सगळा सरंजाम स्वतःच्या खर्चाने. खरं म्हणजे ती गाडी तो बघणारच नव्हता. "घरची आहे, तिथे चूक कशी होईल," असं मीच म्हटलं होतं, आणि त्यालाही ते पटलं होतं. मुलींना भेटायला म्हणून आम्ही गेलो. निघताना त्याचं त्यालाच राहवलं नाही.

भाऊ हसला. "दादा, आता माझीही झडती का?"

"दोन मिनिटं."

बॉनेट वर केलं. मी टॉर्च धरला होता. दणक्याने बॅटरीपासून लाल तारेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट चालत गेलं, चालत गेलं. बॅटरीजवळ काही नव्हतं. पत्र्यापाशी पोचलं. भोकात रबर नव्हतं. त्याने तार थोडी ओढली. लाल आवरणाला खाच पडली होती, आणि खाचेच्या तळाशी तांबं दिसत होतं, नव्या भांड्यासारखं चकचकीत. रोज थोडं थोडं घासून चकचकीत झालेलं.

त्याने मागे जाऊन डिकी उघडली. फ्यूज तिथे होता, अॅम्प्लिफायरच्या शेजारी. तिथे तो अॅम्प्लिफायरला वाचवतो, तारेला नाही. माणसाला तर नाहीच.

"पुढचा फ्यूज संपला होता त्या दिवशी," दणका म्हणाला. आता त्याला सगळं आठवत होतं. "मागचाच होता एक हाताशी. म्हटलं, घरचीच गाडी, पुढचा नंतर लावू. आणि रबरही तेव्हाच."

भाऊ तोवर जवळ आला होता. त्याला तारांतलं कळत नव्हतं, पण तांबं दिसत होतं. त्याच्या मुली मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या, काकांनी गाणं लावावं म्हणून. भावाने आधी दार उघडलं आणि दोघींना बाहेर काढलं. मग म्हणाला, "दादा, माझ्या पोरी मागे बसतात."

"हो रे."

"किती दिवस असं होतं हे?"

दणक्याने बॅटरीची तार सोडली, लाल तार कापली, टोकाला टेप गुंडाळली. हे सगळं शांतपणे केलं. मग बॉनेट लावलं.

परत येताना मी त्याला समजावलं. म्हटलं, याचा आणि टॅक्सीचा काही संबंध नाही. ती भावाची गाडी, ती घाईत केली. टॅक्सी गिऱ्हाइकाची होती. गिऱ्हाइकाच्या गाडीला तू कधी असं केलं नाहीस, आपण डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "रंग्या, आजपर्यंत मला वाटायचं, माझ्या हातून असं होऊच शकत नाही. त्यावर मी उभा होतो. आता कशावर उभा राहू?"

"कशावरच नको. गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी आजही म्हणतो की माझं चुकलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण कशाला? गेलेलं माणूस येणार नव्हतं. पण दणका माझ्या सल्ल्याने चालला असता तर तो दणका कसला.

तो टॅक्सीवाल्याकडे गेला. मला यायला सांगितलं नव्हतं, तरी मी गेलो. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीच्या भिंतीला ताईच्या कुबड्या टेकवलेल्या होत्या, नव्याकोऱ्या, खालची रबरंसुद्धा स्वच्छ. टॅक्सीवाला पलंगावर बसला होता. हातावरची कातडी गुलाबी, ताणलेली, मूठ पुरती मिटत नव्हती. आम्हाला बघून त्याने बसा म्हटलं. तो गमत्या माणूस कुठेच दिसत नव्हता.

दणक्याने सगळं सांगितलं. भावाच्या गाडीचं, फ्यूजचं, तांब्याचं. "तुझ्या गाडीत मी रबर लावलं का नाही, मला आठवत नाही," तो म्हणाला. "लावलं असेल. पण मी विसरू शकतो, हे मी आता पाहिलंय. तुला सांगायला पाहिजे होतं."

टॅक्सीवाला म्हणाला, "तू हलका व्हायला आलास काय?"

"नाही."

"मग कशाला आलास? मी रोज किल्ली उचलतो माहितेय? रोज. स्वप्नात वाकतो, गाडीखाली हात घालतो, किल्ली सापडते, दार उघडतं. मग जाग येते." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "मी मनाशी ठरवलं होतं, दोष माझा. दार मी लावलं, किल्ली मी पाडली. ते धरून मी कसातरी उभा राहायला लागलो होतो. आता तू म्हणतोस, कदाचित तुझा. कदाचित! कदाचितचं मी काय करू?"

टॅक्सीवाल्याने पायाने चपला जवळ ओढल्या.

"चौकीत सांगशील हे?"

"सांगेन."

"मला सांगितलंस तसंच? भावाच्या गाडीसकट?"

"तसंच."

"मग चल," टॅक्सीवाला म्हणाला, आणि तसाच, चपला घालून, आमच्याबरोबर निघाला.

चौकीतल्या साहेबाला हे नको होतं. बंद झालेला कागद उघडायचा म्हणजे त्यालाच कारणं द्यावी लागणार. "बाबा रे, तुला कुणी जबरदस्ती केलीय का?" त्याने दणक्याला विचारलं. दणका नाही म्हणाला. साहेबाने टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. टॅक्सीवाला म्हणाला, "लिहून घ्या साहेब. नाही घेतलंत तर मी वर जाईन." घेतलं लिहून.

पुढे कोर्ट. वकील मुलगी होती, हुशार. तिने दणक्याला पढवलं: "फक्त म्हणायचं, मी नेहमी लावतो. खोटंही नाही ते." दणका म्हणाला, ते वाक्य आता माझ्या तोंडातून येत नाही. भावाला साक्षीला बोलावलं. त्याने आदल्याच आठवड्यात गाडीतली सगळी वायरिंग उपटून फेकून दिली होती. पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, मला काही आठवत नाही, मी काही पाहिलं नाही. तो दादाला वाचवायला तसं म्हणाला, का स्वतःचं नाव यातून बाहेर काढायला, ते मला कळलं नाही. दणका त्याच्याकडे बघत होता. भावाने एकदाही वर पाहिलं नाही.

साक्षी संपल्यावर न्यायाधीशांनी दणक्याला पुन्हा विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तो म्हणाला, "साहेब, मी केलं का नाही ते मला माहीत नाही. पण मी करू शकतो, हे माहीत आहे. असा माणूस लोकांच्या गाड्यांत हात घालत होता, तेवढा तरी गुन्हा माझाच." वकील मुलीने डोळे मिटून घेतले. न्यायाधीश म्हणाले, कायद्याला हो किंवा नाही लागतं. दणक्याने हो म्हटलं.

शिक्षा मोठी झाली नाही; निष्काळजीपणाला फार होत नाही. पण तुरुंग तो तुरुंगच. टॅक्सीवाला प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर येऊन बसायचा. निकालाच्या दिवशीही आला, ऐकलं, उठून गेला. दणक्याशी बोलला नाही, वहिनींशी नाही, माझ्याशीही नाही.

दणका आत असताना वहिनींनी गाळ्यावरची पाटी स्वतः शिडी लावून उतरवली. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "भावजी, शिडी तेवढी धरा." त्यांनी सीटची कव्हरं शिवायला घेतली. पेट्यांचं उरलेलं काळं कापड त्यात गेलं. मुली यायच्या बंद झाल्या होत्या. एकदा थोरली शाळेच्या वाटेवर गल्लीच्या तोंडाशी थांबलेली मी पाहिली. गाळ्याकडे बघत होती. मी हात केला तर ती धाकटीचा हात धरून भराभर निघून गेली. घरी सांगून ठेवलं असणार. मी वहिनींना ते बोललो नाही. त्यांनीही पाहिलं होतं बहुतेक, कारण त्या दिवशी मशीन बराच वेळ बंद होतं.

भेटीच्या दिवशी आम्ही तुरुंगात जायचो. जाळीतून बोलायला लागायचं, सगळे एकदम बोलत असायचे, आणि दणक्याला तसंही कमी ऐकू यायचं. वहिनी ओरडून ओरडून घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगायच्या: नळ गळतो, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. तो उजवा कान जाळीला लावून ऐकायचा. एकदा मला म्हणाला, "इथे गाणं नसतं, काही नसतं, त्यामुळे कानातली शिट्टी फार मोठी झालीय. आधी मला वाटायचं ती गाण्यामागे आहे. आता कळलं, गाणं तिच्यावर पांघरूण होतं." मी म्हटलं, बाहेर आलास की डॉक्टरला दाखवू. दाखवलं नंतर. डॉक्टर म्हणाला, याला औषध नाही, सवय करा.

तो बाहेर आला तेव्हा केस पांढरे झाले होते आणि पाठ डॅशबोर्डखाली घालायच्या लायकीची राहिली नव्हती. तशी ती घालायचीही नव्हती. तारेच्या कामाबाबत त्याने कानाला खडा लावला होता. वहिनींच्या हाताखाली तो सीटं खोलायचं, कव्हरं चढवायचं काम करतो. सीट परत बसवताना चारही बोल्ट ओढून बघतो, मग पुन्हा ओढतो, मग गिऱ्हाइकाला ओढून बघायला लावतो. गिऱ्हाईक वैतागतं. वहिनी गिऱ्हाइकाला हळूच सांगतात, "ओढा हो एकदा, म्हणजे सोडतील."

भाऊ अजून येत नाही. त्याने गाव बदललं म्हणतात. टॅक्सीवाला दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. हाताला मोजे घालून. आमच्या रस्त्यावरूनच त्याचं जाणं-येणं असतं, पण थांबत नाही. एकदा सिग्नलला त्याची टॅक्सी आणि माझी स्कूटर शेजारी आली. मागे दणका बसलेला. टॅक्सीवाल्याने पाहिलं, दणक्यानेही पाहिलं. सिग्नल सुटला. त्याच्या गाडीत काहीच वाजत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी न राहवून विचारलं. दुपार होती, मी कागद चिकटवत होतो, तो माझ्या दारात उभा होता. म्हटलं, "दणक्या, खरं सांग. सांगितलंस ते बरं झालं का? मनाला काही मिळालं?"

तो विचार करत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्याने विचारलं.

"ऐकलं रे," तो म्हणाला. "काही नाही मिळालं. टॅक्सीवाल्याला नाही, मला नाही. हिचं मात्र सगळं गेलं. पोरी गेल्या."

"मग?"

"मग काय? उद्या पुन्हा तोच दिवस आला तरी मी तेच करीन, आणि ती पुन्हा रडेल. यात सुधारण्यासारखं मला काही सापडत नाही. तुला सापडलं तर सांग."

मला सापडलं नाही. पलीकडून वहिनींनी हाक मारली, कापडाचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. तो गेला. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं.